घाटात गाडी फार कलते: स्वे बार आणि स्ट्रट ब्रेस बसवावेत का?

गोडोलीकर
१२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, ९६ हजार किलोमीटर झालेत. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की दुसऱ्याच प्रतिसादात "विकून टाका" सुरू होतं. सासुरवाडी बामणोलीकडची. त्यामुळे महिन्यातले तीन रविवार तरी समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून पुढे जाणं आलंच. रस्ता तोंडपाठ आहे. पण गेल्या वर्षभरात गाडी वळणात फारच कलायला लागलीय. डावं वळण सोडून उजव्यात शिरताना तर आधी बॉडी लोळते आणि मग, अर्ध्या सेकंदानं, गाडी वळते. मागं सहा वर्षांची मुलगी बसलेली असते. यवतेश्वर येईपर्यंत तिचा चेहरा उतरतो आणि वर पोचलो की हमखास उलटी. पिशव्यांचं पुडकंच आता दाराच्या कप्प्यात असतं.

एका दुकानात विचारलं. त्यानं पुढं जाड स्वे बार (वळणात कलणं रोखणारी सळई), मागं जादा स्वे बार आणि बोनेटखाली स्ट्रट ब्रेस (पुढच्या दोन चाकांचं सस्पेन्शन बॉडीला जिथं टेकतं ते दोन टॉवर जोडणारा आडवा दांडा), असा सगळा संच मजुरीसकट ३८ हजारांना सांगितला. "साहेब, गाडी रस्त्याला चिकटून पळंल, पोरगी झोपून जाईल."

घालावेत का ३८ हजार? का यातलं एखादंच करावं?


एमएच५०_घाटवेडा
१२ जून, रात्री १०.०५

डोळे झाकून करा! मी कराडचा. गेल्या वर्षी स्ट्रट ब्रेस बसवला आणि कुंभार्ली घाटात स्टिअरिंग असं काही बोलायला लागलं की विचारू नका. बोनेट उघडलं की लाल बार झळकतो तो वेगळाच.

(गाडी ओळखली बरं का. माझीही तीच आहे. ९६ हजार, २०१४, डिझेल, आणि नाव सांगायला लाज. दुसरी कुठली असणार!)


बारा_नंबर_पाना
१२ जून, रात्री १०.५०

घाटवेडे, जरा दम खा.

गोडोलीकर साहेब, मी सातारच्या एमआयडीसीत गॅरेज चालवतो, सव्वीस वर्षं झाली. तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "आधी बॉडी लोळते आणि मग गाडी वळते." हे कमी जाडीच्या बारचं लक्षण न्हाय. हे ढिल्या बारचं लक्षण हाय.

तुमच्या गाडीला पुढं कंपनीचा स्टॅबिलायझर बार, म्हंजे स्वे बारच, हायच की. दोन्ही टोकांना चाकाकडं जोडणारे लिंक रॉड आणि मधी बार धरणारे दोन रबरी बुश. लिंक रॉडचा बॉल खिळखिळा झाला न् बुशाचं भोक मोठं झालं, की बार पिळायच्या आधी थोडा मोकळाच हलतो. तेवढं कलून झालं की मग तो कामाला लागतो. तुमचा अर्धा सेकंद तिथं हाय बगा.

घरच्या घरी बघायचं असंल तर गाडी जॅकवर घेऊ नका. जॅकवर चाक लोंबतं, लिंकवर ताण येतो आणि ढिलेपणा लपतो. गाडी चार चाकांवर सपाट जमिनीवर उभी करा, हँडब्रेक वढा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, चाकामागं हात घाला आणि लिंक रॉड मुठीत धरून हिसडा. टक् टक् लागलं की गेला समजायचा. आणखी एक खूण म्हणजे फुटका गतिरोधक वीसच्या स्पीडनं तिरका पार करताना पुढनं खटखट येते. दोन्ही चाकं बरोबर चढली तर आवाज न्हाय येत, तिरकं गेलं तरच येतो.

आधी हे बगा. मग ३८ हजाराचं बोलू.


कंदी_पेढा
१२ जून, रात्री ११.१५

माझ्या बोलेरोला स्ट्रट ब्रेस बसेल का? चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं जाताना वाऱ्यानंसुद्धा कलते.


बारा_नंबर_पाना
१२ जून, रात्री ११.२०

पेढा, बोलेरोला मुदलात स्ट्रट टॉवरच न्हाईत, ब्रेस काय हवेत बांधणार? मागं पाटे हाईत. शॅकलचे बुश कधी बदललेत?


कंदी_पेढा
१२ जून, रात्री ११.२२

शॅकल म्हणजे?


कृष्णाकाठ
१३ जून, सकाळी ७.१०

पेढाभाऊंनी सकाळ छान केली. (शॅकल म्हणजे मागच्या पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी.)

मी सांगलीचा, मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल. बाराभाऊ म्हणतात तेच आधी करा. पण स्वे बार म्हणजे नेमकं काय, हे एकदा सरळ लिहून ठेवतो. या विषयावर लोक पैसे घालतात ते बऱ्याचदा चुकीच्या समजुतीनं.

स्वे बार ही एक स्प्रिंगच आहे. इंग्रजी यू आकाराची पोलादी सळई, जी वाकत नाही तर पिळली जाते. गाडी डावीकडे कलली की डावं चाक बॉडीच्या जवळ येतं, उजवं लांब जातं. बारची दोन टोकं उलट दिशांना ओढली जातात, बार पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. दोन्ही चाकं एकाच वेळी खड्ड्यात गेली तर बार नुसता फिरतो, काहीच करत नाही. म्हणून बार जाड केला तरी आडव्या सलग गतिरोधकावर गाडी कडक लागत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर मात्र धक्का दुसऱ्या चाकालाही जातो.

आता जाडीचं गणित. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. २२ मिलिमीटरचा बार काढून २४ चा घातला तर जाडी जेमतेम ९ टक्के वाढली, पण कडकपणा ४२ टक्क्यांनी वाढला. २५ चा घातला तर ६७ टक्क्यांनी. त्यामुळे "दोनच मिलिमीटर जाड आहे साहेब" असं कुणी म्हणालं तर ते 'दोनच' नसतात. पोकळ बारचंही असंच गमतीशीर आहे. २५ मिलिमीटर बाहेरून आणि १७ आतून असा पोकळ बार घेतला तर वजन जवळजवळ निम्म्यावर येतं, कडकपणा मात्र भरीव बारच्या ७८-७९ टक्के राहतो. पिळाचं काम बाहेरची कातडी करते, आतला गाभा नुसता बसून खातो.

खरी गोम पुढे आहे. बार जाड केल्यानं वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं एकूण वजन कमी होत नाही. समजा गाडी १००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर, दोन चाकांतलं अंतर १४५ सेंटिमीटर. वळणाचा आडवा जोर गुरुत्वाच्या निम्मा असेल तर साधारण १९० किलो आतल्या बाजूकडून बाहेर सरकतात. ५००–५०० चे ६९०–३१० होतात. बार कितीही जाड घाला, हे १९० तेवढेच. बार ठरवतो ते एवढंच, की या १९० मधले पुढच्या जोडीनं किती उचलायचे आणि मागच्या जोडीनं किती.

याचा पकडीशी काय संबंध? आमच्या सांगलीच्या हळद बाजारात दोन हमालांना पन्नास-पन्नास किलोची पोती दिली तर दोघं दिवसभर वाहतात. एकाला ऐंशी आणि दुसऱ्याला वीस दिलं तर बेरीज शंभरच, पण ऐंशीवाला लवकर थकतो आणि वीसवाला ती तूट भरून काढत नाही. टायरचं तसंच आहे. वजन दुप्पट केलं तर पकड दुपटीला पोचत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे ज्या जोडीत वाटणी जास्त विषम, त्या जोडीची पकड आधी संपते. पुढचा बार जाड केला तर गाडी नाक बाहेर काढते, स्टिअरिंग फिरवूनही सरळ जाऊ पाहते. मागचा जाड केला तर ती प्रवृत्ती कमी होते, पण मागचं बूड फिरायची शक्यता वाढते.

आपल्या बहुतेक पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅक मुळातच नाक बाहेर काढणाऱ्या असतात. अशा गाडीला फक्त पुढचा बार जाड करणं म्हणजे तापात गोधडी घालणं. शिवाय घाटाच्या चढाच्या तीव्र वळणात, दुसऱ्या गिअरमध्ये, आतलं पुढचं चाक आणखी हलकं होऊन जागेवरच फिरतं.

वर्ग सुटला.


एमएच५०_घाटवेडा
१३ जून, सकाळी ८.३०

सर, मग कंपनी पुढेच का जाड बार देते?


कृष्णाकाठ
१३ जून, सकाळी ८.४२

कारण नाक बाहेर गेलं की माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी आपसूक सावरते. बूड फिरलं की तोच घाबरलेला पाय घात करतो. कंपनी गाडी सगळ्यांना विकते, फक्त तुम्हाला नाही.

आणि मागे बार दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका. पोलो, स्विफ्ट वगैरे गाड्यांना मागे जो आडवा बीम असतो तो स्वतःच पिळला जातो आणि बारचं काम करतो. मागचा जादा बार म्हणून जो विकतात तो या बीमलाच जोडतात.


पसरणीची_लेक
१३ जून, दुपारी १.१५

डबा खाता खाता वाचलं. मी रोज वाईहून पाचगणीला शाळेत जाते, म्हणजे दिवसातून दोनदा पसरणी घाट, नऊ वर्षं. माझी जुनी सेडान आहे, मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवाली, आणि मागे जाड बार बसवलेला आहे. त्यामुळे पुस्तकातलं नाही, अनुभवातलं लिहिते.

उन्हाळ्यात हा बार म्हणजे सुख. गाडी एका इशाऱ्यात वळते, स्टिअरिंगला ओढाताण करावी लागत नाही. पण बसवल्यानंतरचा पहिला जुलै मी विसरणार नाही. धुकं, पाऊस, रस्त्यावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती. उताराच्या वळणात समोरून एसटी आली, तिनं वळण घेताना माझी अर्धी लेन खाल्ली आणि मी पाय झटकन वर घेतला. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि बूड दरीकडे निघालं. फार नाही, हातभर. स्टिअरिंग उलट दिलं आणि सावरली, पण त्या दिवशी पहिला तास मी मुलांना वाचायला बसवलं, कारण खडू धरवत नव्हता.

गाडी कलते तेव्हा ती तुम्हाला आधी सांगत असते की आता पुरे. बार जाड केला की ती कमी कलते, म्हणजे सांगणं कमी होतं. पकड संपायची जागा मात्र ओल्या रस्त्यावर आहे तिथेच राहते, उलट थोडी अलीकडेच येते.

माझ्या बारला टोकाशी दोन भोकं आहेत. लिंक बाहेरच्या भोकात लावली की दांडा लांब होतो आणि बार मऊ पडतो, आतल्या भोकात कडक. आता मी मृगाच्या आधी बाहेरच्या भोकात आणते आणि दिवाळीनंतर आत. अर्ध्या तासाचं काम.

गोडोलीकर, जून महिना चालू आहे. या महिन्यात मागचा बार बसवू नका. आणि टायर कधीचे आहेत? टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.


गोडोलीकर
१६ जून, रात्री ८.२०

टायर: ३२१६. म्हणजे २०१६च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नक्षी अजून ३ मिलिमीटर आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. पण नखानं दाबलं तर प्लॅस्टिकसारखं लागतंय.

हवा: मागच्या डाव्यात २४, उजव्यात ३१. दाराच्या पट्टीवर ३३ लिहिलंय. काही बोलू नका.

लिंक रॉड: बाराभाऊ, पाय धरतो. डावा अक्षरशः हातात खुळखुळला.


पसरणीची_लेक
१६ जून, रात्री ८.३१

२४!!


बारा_नंबर_पाना
१६ जून, रात्री ९.००

रविवारी गाडी घिऊन या. चहा तुमचा.


सर्व्हेअर_काका
१७ जून, सकाळी १०.००

मी विमा सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. कागदाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेल्या आणि निर्मात्यानं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानंही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. झिजलेला सुटा भाग त्याच मापाचा बदलणं हा फेरफार नव्हे, ती दुरुस्ती. जादा बार, ब्रेस यांचं मात्र विमा कंपनीला आधी लेखी विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. आणि कुणी चासीला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवतो म्हणाला तर गाडी घेऊन सरळ घरी या. मी सत्तावीस वर्षं अशा गाड्यांचे फोटो काढलेत.


गोडोलीकर
२३ जून, रात्री १०.१०

काल झालं काम. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

बाराभाऊंनी आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवायचं तेल मारायला सांगितलं होतं. तरी डाव्या लिंकचा खालचा नट फिरवला की आतला बॉल-बोल्टही सोबत फिरे. बोल्टच्या टोकाला षटकोनी खाच असते, त्यात एलन पाना घालून बोल्ट धरायचा आणि बाहेरून नट फिरवायचा. खाचेत दहा वर्षांची माती. सुईनं कोरून काढली, एलन पाना बसवला, जोर लावला आणि खाच गोल झाली. बाराभाऊंनी काही न बोलता ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा फवारा, टप्, लिंक खाली.

नवी लिंक लावताना आणखी एक धडा. मी घाईनं फक्त डावी बाजू जॅकवर घेतली होती. लिंकचा बोल्ट बारच्या भोकाशी येईचना, दीड इंच खाली राही. मी टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) दाबून बार वर ढकलायला निघालो, तेव्हा बाराभाऊ म्हणाले, "थांबा. एक चाक लोंबतंय, एक जमिनीवर हाय, बार पिळलाय आत्ता. सोडला की तुमची बोटं जातील." उजवी बाजूही उचलली, दोन्हीकडं घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्या, आणि तोच बोल्ट दोन बोटांनी आत सरकला. स्वे बार काय करतो हे कृष्णाकाठ सरांच्या प्रतिसादात वाचलं होतं, समजलं ते तेव्हा.

बुश काढले तर आतलं भोक गोल नव्हतं, लांबट झालेलं. आणि बारवर जिथं बुश बसतो तिथला काळा रंग उडून लोखंड चकचकीत घासलेलं. नवे बुश रबराचेच घातले. पॉलियुरेथेनचे घ्यावे का विचारलं, तर उत्तर आलं, "घ्या की, पण सिलिकॉन ग्रीस घालत बसा, न्हायतर पलंगासारखं कुरकुरतंय."

क्लॅम्प आधी हलकेच आवळले, गाडी चाकांवर उतरवली आणि मग टॉर्क पान्यानं पक्के केले.

खर्च: दोन लिंक १,७००, बुश ४५०, अलाइनमेंट ५००. मजुरी घेईनात, जबरदस्तीनं दिली. टायर चार नवे, तो वेगळा हिशेब, बायकोला धाग्याची लिंक दिलेली नाही.

आज यवतेश्वर चढलो. तो अर्धा सेकंद गेला! स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते. कलते अजूनही, पण लोळत नाही.

मुलीला तरीही उलटी झाली.


एमएच५०_घाटवेडा
२३ जून, रात्री १०.३०

मग आता स्ट्रट ब्रेस!


कृष्णाकाठ
२३ जून, रात्री ११.००

घाटवेडे, तुमच्या ब्रेसचा नेमका फायदा किती, हे मोजाल का? तर्क दोन्ही बाजूंनी करता येतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) स्ट्रटचं वरचं टोक थेट बॉडीच्या टॉवरला टेकतं, म्हणून वळणात टॉवरवर आडवा जोर येतो हे खरं. टॉवर आत झुकला तर चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा झुकाव, बदलतो हेही खरं. प्रश्न किती झुकतो हा आहे. जुन्या, लांब बोनेटच्या गाडीत टॉवर इंजिन-खोलीच्या मध्यावर एकटे उभे असतात. आजच्या छोट्या गाडीत ते मागच्या पत्र्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेले असतात आणि ती भिंतच ब्रेसचं काम करते.

प्रयोग साधा आहे. ब्रेस काढा. एक दांडी फक्त डाव्या टॉवरला घट्ट बांधा, दुसरं टोक उजव्या टॉवरवर मोकळं सोडा. त्या टोकाला बॉलपेनची रिफिल बांधा आणि टॉवरवर पुठ्ठा चिकटवा. घाट करून या. आडवी रेघ किती लांब, ते बघा.

आणखी एक. तुमच्या ब्रेसच्या दोन्ही टोकांना बोल्टचा सांधा आहे की सलग वेल्डिंग? सांध्याचा असेल तर तो फक्त ओढ आणि दाब घेतो, वाकण्याला विरोध करत नाही.


एमएच५०_घाटवेडा
१ जुलै, रात्री ९.१५

सांध्याचा आहे.

आणि केला प्रयोग. पाटण ओलांडून कुंभार्लीच्या माथ्यापर्यंत गेलो आणि परत. मित्राला शेजारी बसवलं होतं, तो सगळी वाट हसत होता. पुठ्ठ्यावर उभी गिचमिड दोन मिलिमीटर, आणि आडवी... रिफिलच्या रेघेच्या जाडीहून थोडी जास्त. अर्धा मिलिमीटरही नसेल.


कृष्णाकाठ
१ जुलै, रात्री ९.३०

प्रामाणिकपणाला सलाम. उभी गिचमिड बहुतेक दांडीच्या स्वतःच्या थरथरीची. म्हणजे आडव्या अर्ध्यातही थोडी तीच असणार.


एमएच५०_घाटवेडा
१ जुलै, रात्री ९.३३

ब्रेस परत बसवला आहे. लाल रंग छान दिसतो. यावर चर्चा नको.


पसरणीची_लेक
२ जुलै, दुपारी १.०५

पुठ्ठा फ्रेम करून ठेवा.

गोडोलीकर, मुलीचं काय? मला तेच वाचायचं होतं.


कृष्णाकाठ
२ जुलै, रात्री ८.००

त्याबद्दल मीच लिहिणार होतो. गाडी कलणं आणि गाडी लागणं यांची आपण फार सहज सांगड घालतो. गाडी लागते ती मुख्यतः शरीराला मिळणाऱ्या सावकाश हेलकाव्यांनी, आणि सगळ्यांत वाईट वेग म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा. यवतेश्वरचा घाट आठवा: डावं, उजवं, डावं. ती लय रस्त्याची आहे. बार जाड केलात तरी मुलीला बाजूला ढकलणारा जोर तोच राहतो, तो फक्त वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो. आणि तिथं वर्गाचा नियम आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३६ नं गेलात तर आडवा जोर गुरुत्वाच्या निम्मा. ४० नं गेलात तर वेग चारनंच वाढला, पण जोर २३ टक्क्यांनी वाढला. उलट बाजूनं वाचा: चार कमी करा.


गोडोलीकर
७ जुलै, रात्री ९.५०

सर, तुमचा प्रतिसाद बायकोनं वाचला. (लिंक तिला मेहुण्यानं दिली. टायरचा हिशेबही कळला.) ती म्हणाली, "हे मी चार वर्षं सांगतेय. तू वळणात शिरल्यावर ब्रेक मारतोस आणि बाहेर पडायच्या आधी पळवतोस. बारबिर राहू दे, आज मी चालवते."

मी मागे बसलो, मुलीशेजारी. बायकोनं प्रत्येक वळणाच्या आधीच वेग कमी केला आणि वळणभर पाय एका जागी ठेवला. मुलीच्या हातातला मोबाईल काढून घेतला, निघण्याआधी दुधाऐवजी नुसती पोळी खायला दिली, आणि बसायला खाली उशी देऊन तिला समोरची काच दिसेल असं बसवलं. देऊळ आलं, गेलं. कासच्या तलावापाशी मुलीनं विचारलं, "आज घाट नव्हता का?"

मला मात्र मागे बसून जरा मळमळलं.


कंदी_पेढा
७ जुलै, रात्री १०.००

वहिनींना धाग्यावर घ्या.


एमएच५०_घाटवेडा
१४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

धागा वर काढतो. गोडोलीकर, मी मागचा जादा बार बदलतोय. जुना १९ मिलिमीटरचा आहे, वेल्डिंग नाही, भोक नाही, बीमला क्लॅम्पनं बसतो. तुमच्याच गाडीचा. ४ हजारांना देतो. पाऊसही संपला, लेकताईंची अट पूर्ण.


गोडोलीकर
२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

घेतला. सर्व्हेअर काका, आधी विमा कंपनीला मेल केला, उत्तर आल्यावरच बाराभाऊंकडे गेलो. दीड तासात बसला.

दोन आठवडे चालवून सांगतो. फरक आहे, आणि खरा आहे. वळणात शिरताना नाक पूर्वी जे हट्टानं बाहेर जायचं ते आता निमूट आत येतं. एकटा असताना मजा येते, नाकारत नाही. कलणंही कमी झालंय.

किंमतही मोजली. कासच्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. पूर्वी डावं मागचं चाक खाली जायचं, उजव्याला पत्ता नसायचा. आता सबंध मागची सीट आडवी हिसकते. सासऱ्यांच्या अंगणात खडी चढताना तर आतलं मागचं चाक जमिनीपासून बोटभर सुटलेलं मेहुण्यानं दाखवलं, फोटोच काढला.

पुढचा बार आणि ब्रेस यांचा विचार सोडला. जूनपासूनचा हिशेब टायर धरून त्या ३८ हजारांच्या आतच आहे.


पसरणीची_लेक
३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

छान. पण मे संपायच्या आत तो बार काढून ठेवा, तुमच्या बारला दुसरं भोक नाही.


बारा_नंबर_पाना
३ नोव्हेंबर, रात्री ९.००

हजार किलोमीटर झाले की क्लॅम्प परत आवळायचे. इसरू नका.


गोडोलीकर
८ डिसेंबर, रात्री ८.४५

बाराभाऊ, आज हजार झाले. घरीच टॉर्क पाना लावला. उजवे दोन्ही जागेवर होते, डाव्या बाजूचा एक पाव फेरा बसला.

पेढा, तुमच्या बोलेरोचं काय झालं?


कंदी_पेढा
८ डिसेंबर, रात्री ९.०५

शॅकलचे बुश बदलले. जुने निघाले ते बुश होते का सुपारी, हेच कळेना. आता वाऱ्यानं कलत नाही. फक्त खड्ड्यात गेली की अजून सगळं गाव उठतं, त्याला कुठला बार असतो?


बारा_नंबर_पाना
८ डिसेंबर, रात्री ९.१०

रविवारी घिऊन या. चहा तुमचा.